कुत्र्याला काय घालावं, काय घालू नये

१. दारचा राखणदार

वऱ्हाडात दार तिथं कुत्रं. अमरावती जिल्ह्यात जा, नाहीतर अकोला जिल्ह्यात जा, कुत्र्यावाचून गाव नाही. गडी रात्री जागलीला निघाला, की कुत्रं त्याच्या पुढे चालतं. हरभऱ्यात रोही शिरले, तुरीत रानडुक्कर घुसलं, की आधी कुत्र्याला कळतं. ते भुंकतं, मग आपण उठतो. खळ्यावर माल पडला असला तर त्याची राखण तेच करतं. घरी लेकरू एकटं असलं तर उंबऱ्याशी तेच बसतं.

या राखणदाराला पगार नाही. सकाळ-संध्याकाळ दोन तुकडे, हीच त्याची मजुरी. ती मजुरी आपण आपल्या ताटातून देतो. म्हणून ती चोख असली पाहिजे.

कुत्र्याला घास देणं ही आपली जुनी रीत आहे. संत नामदेवांची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. कुत्र्यानं त्यांची भाकर पळवली. नामदेव काठी घेऊन धावले नाहीत. ते तुपाची वाटी घेऊन धावले. कोरडी भाकर त्याच्या घशाखाली कशी उतरेल, ही त्यांची काळजी. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावोगाव हेच सांगत फिरले. भुकेल्याला अन्न द्या, मुक्या जिवांना अभय द्या, असं त्यांचं सांगणं होतं.

देण्याची बुद्धी आपल्याला संतांनी दिली. काय द्यावं हे मात्र आपण शिकून घ्यायचं आहे. आपल्या जिभेला जे गोड लागतं, ते कधी कधी कुत्र्याच्या पोटात विष होतं. प्रेमानं दिलेल्या घासानं कुत्रं मरतं आणि देणाऱ्याला कारण कळतही नाही.

या धड्यात दोन नियम शिकायचे आहेत. ते आधीच सांगून ठेवतो.

पहिला नियम : जे माणसाला खराब, ते कुत्र्यालाही खराब.

दुसरा नियम : जे माणसाला चांगलं, ते सगळंच कुत्र्याला चांगलं नाही.

२. कुत्र्याचं पोट

कुत्रा हा लांडग्याच्या जातीचा. हजारो वर्षांपूर्वी त्याचे पूर्वज माणसाजवळ येऊन राहिले. लांडगा मांसावर जगतो. पण माणसाजवळ राहून कुत्र्याचं पोट थोडं बदललं. २०१३ साली शास्त्रज्ञांनी लांडग्याची आणि कुत्र्याची तुलना केली. पिठूळ अन्न पचवायची ताकद कुत्र्यात लांडग्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे, असं त्यांना दिसून आलं. म्हणून आपली ज्वारीची भाकर कुत्रं पचवू शकतं.

पण त्याचं पोट पूर्ण माणसासारखं झालेलं नाही. त्याचं रक्त वेगळं, त्याचं काळीज वेगळं. काही पदार्थ आपलं शरीर थोड्या तासांत बाहेर टाकतं. तेच कुत्र्याच्या शरीरात दिवसभर फिरत राहतात आणि त्याला मारतात.

बैलाशीही त्याची बरोबरी करू नका. बैल रवंथ करतो. त्याच्या पोटात चार कप्पे असतात. कुत्र्याच्या पोटात एकच कप्पा. बैलाला जे चालतं ते कुत्र्याला चालेल असं नाही.

३. काय चालतं

आता आपल्या चुलीकडे पाहू. पुढचे पदार्थ कुत्र्याला चालतात.

भाकर, पोळी, भात. हे पोट भरण्यासाठी. शिळी भाकर चालते, पण बुरशी आलेली चालत नाही.

वरण. तुरीचं किंवा मुगाचं शिजलेलं वरण, साधं, पातळ. त्यात भाकर कुस्करून द्यावी.

ताक. मोठ्या कुत्र्याला दूध नीट पचत नाही, पोट सुटतं. दही-ताक थोडं असलं तर बहुतेकांना पचतं. पिल्लाला त्याच्या आईचं दूध सगळ्यांत चांगलं.

अंडं. उकडलेलं द्यावं.

मांस आणि मासळी. शिजवलेलं, हाड आणि काटा काढलेलं, तिखट नसलेलं.

भाजी. कोहळं, गाजर, रताळं. उकडून, थोडंसं.

फळं. केळं, पपई, पेरू, टरबूज यांचे तुकडे, बिया काढून. वरूड-मोर्शीकडे संत्र्याचे बगीचे आहेत. संत्र्याच्या एक-दोन फोडी कुत्र्यानं खाल्ल्या तर बिघडत नाही. साल आणि बिया मात्र देऊ नका.

शेंगदाणे. चांगले, कोरडे, बिनमिठाचे, चार दाणे.

नुसत्या भाकरीवर कुत्रं जगतं, पण त्याच्या अंगात जोर राहत नाही. त्याला डाळ, अंडं किंवा मांस यांतलं काहीतरी मिळालं पाहिजे. कुत्र्याच्या बरगडीवर हात फिरवून पाहा. बरगड्या हाताला लागाव्या, पण लांबून डोळ्याला मोजता येऊ नयेत. मोजता आल्या तर समजा, मजुरी कमी पडते आहे. पिल्लांना आणि दूध पाजणाऱ्या कुत्रीला जास्त लागतं. पाण्याचं भांडं नेहमी भरलेलं ठेवा. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात अन्नापेक्षा पाणी आधी.

घरच्या बायांसाठी एक सोपी युक्ती आहे. कुत्र्याचा वाटा फोडणीच्या आधी काढून ठेवा. वरण शिजलं, की मीठ-तिखट पडण्याआधी एक वाटी बाजूला काढा. कांदा, लसूण, तिखट आणि तेल पडल्यावर त्याच गंजातलं वरण कुत्र्याच्या कामाचं राहत नाही. एवढी एक सवय लावून घेतली तर अर्धा धडा पाठ झाला.

४. कांदा आणि लसूण

एखादा गडी म्हणेल, ‘काहो गुरुजी, आमच्या कुत्र्यानं जनमभर झुणका-भाकर खाल्ली. त्यात कांदा असतेच. त्याले तं काई झालं नाई.’

गड्याचा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर नीट समजून घ्या.

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. त्या शरीरभर हवा पोचवतात. कुत्र्याच्या रक्तातही असतात. कांद्यात एक द्रव्य असतं. माणसाला त्यानं काही होत नाही. कुत्र्याच्या तांबड्या पेशी मात्र त्यानं फुटतात. १९३० सालीच अमेरिकेत कुत्र्यांना कांदा खाऊ घालून हे पाहिलं गेलं. त्या कुत्र्यांचं रक्त कमी झालं.

किती कांद्यानं त्रास होतो? कुत्र्याच्या दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पुरतो. हिशेब करून पाहू. कुत्रं १२ किलोचं. १२ गुणिले १५ म्हणजे १८० ग्रॅम. ते झाले दोन मध्यम कांदे. पिल्लू २ किलोचं असलं, तर २ गुणिले १५ म्हणजे ३० ग्रॅम. म्हणजे कांद्याची एक मोठी फोड! मोठं कुत्रं निभावून नेतं तेवढ्यात पिल्लू मरतं.

रोज थोडा थोडा कांदा गेला तरी त्रास साचत जातो. आणि तो लगेच दिसत नाही. तीन-चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं. हिरड्या पांढऱ्या पडतात. लघवी गडद, तांबूस होते. तोवर आपण झुणका विसरून गेलेलो असतो. आपण म्हणतो, ‘कोणाची नजर लागली.’ किंवा म्हणतो, ‘म्हातारं झालं होतं.’ म्हणून गड्याला वाटतं, काही झालं नाही.

कांदा कच्चा असो, शिजलेला असो, तळलेला असो, तो कुत्र्याला वाईटच. लसूण त्याच जातीचा, आणि कांद्याहून जहाल. म्हणून झुणका, मसाल्याची भाजी, तर्री, ठेचा, चिवडा हे कुत्र्यापुढे टाकू नका.

५. आणखी काय चालत नाही

द्राक्षं आणि मनुका. यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड, म्हणजे लघवी तयार करणारे अवयव, बंद पडतात. एखादं कुत्रं थोड्याच मनुकांनी मरतं, एखादं तरून जातं. आधी सांगता येत नाही. २०२१ साली प्राण्यांच्या डॉक्टरांना याचं कारण हाती लागलं. द्राक्षातलं एक आंबट द्रव्य याला कारण असावं, असं त्यांनी दाखवलं. तेच द्रव्य आपल्या चिंचेतही पुष्कळ असतं. म्हणून मनुका घातलेला शिरा, लाडू आणि चिंचेचा सार कुत्र्याला नको.

चहा, कॉफी, चॉकलेट. काही घरी मालक बशीत चहा पितो आणि उरलेला कुत्र्याला देतो. लाड म्हणून देतो. पण चहा-कॉफीतल्या आणि चॉकलेटमधल्या द्रव्यानं कुत्र्याचं काळीज धडधडतं. चॉकलेटमधलं द्रव्य कुत्र्याच्या अंगातून निम्मं जायलाच सतरा-अठरा तास लागतात. कुत्रं लहान आणि चॉकलेट काळं, कडू असलं, तर झटके येतात आणि ते मरतंही.

बिनसाखरेच्या गोळ्या. शहरात बिनसाखरेचं च्युइंगम मिळतं. त्यात झायलिटॉल नावाची गोडी असते. माणसाला ती चालते. कुत्र्याच्या रक्तातली साखर तिच्यामुळे एकदम उतरते. एक-दोन गोळ्यांनीही लहान कुत्रं पडतं.

दारू. सणावाराला काही लोक गंमत म्हणून कुत्र्याला दारू पाजतात. ही गंमत नव्हे. थोड्या दारूनंही कुत्र्याचा श्वास मंदावतो.

तेल-तूप आणि सणाचं जेवण. पोळ्याच्या दिवशी पुरणाची पोळी, तूप, भजी उरतात. ती एकदम कुत्र्यापुढे टाकली जातात. जास्त स्निग्ध खाल्लं की कुत्र्याच्या पोटातली एक ग्रंथी सुजते. ते वाकून उभं राहतं, सारखं ओकतं. पोळीचा एक तुकडा दिला तर हरकत नाही. टोपलं रिकामं करू नका. नामदेवांचा भाव घ्यावा, तुपाची धार मात्र आवरावी.

शिजलेली हाडं. कुत्रा आणि हाड ही जोडी आपल्या मनात पक्की बसली आहे. पण शिजलेलं हाड ठिसूळ होतं. कोंबडीचं तर फारच. ते फुटून त्याचे टोकदार तुकडे होतात. ते घशात रुततात, आतडं फाडतात. जेवण झाल्यावर हाडं पुरून टाका.

कोय आणि कणसाचा दांडा. आंब्याची कोय आणि दाणे काढलेलं मक्याचं कणीस कुत्रं गिळून टाकतं. ते आतड्यात अडकतं. मग अन्न खाली जात नाही. पोट कापून काढल्याशिवाय इलाज राहत नाही.

मीठ, लोणचं, पापड. खारट पदार्थ नकोत.

६. बुरशीची गोष्ट

आता पहिल्या नियमाकडे येऊ. जे माणसाला खराब, ते कुत्र्यालाही खराब. आपल्याकडे याच्या उलट समजूत आहे. भाकरीवर हिरवी बुरशी दिसली, की घरची म्हणते, ‘टाक त्या कुत्र्याले.’ शेंगदाणे कुबट निघाले, की म्हणते, ‘कुत्र्याले चालते.’

चालत नाही. आणि याची मोठी किंमत आपल्या देशात मोजली गेली आहे.

१९७४ सालची गोष्ट. राजस्थानात बांसवाडा जिल्हा आहे आणि त्याला लागून तेव्हा गुजरातेत पंचमहाल जिल्हा होता. तिथले आदिवासी शेतकरी मका खात. त्या वर्षी मक्याच्या काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला. कणसं भिजली. घरात साठवलेल्या मक्याला बुरशी आली. लोक गरीब. दुसरं धान्य नव्हतं. तोच मका दळला, त्याच्याच भाकरी केल्या. कुत्र्यांनाही त्याच टाकल्या.

थोड्या आठवड्यांत माणसांचे डोळे पिवळे झाले. पोटात पाणी भरलं. दीडशेच्या वर खेड्यांत हा आजार पसरला. ३९७ माणसं आजारी पडली. त्यांतली १०६ दगावली. आणि त्याच घरांतली कुत्रीही आजारी पडली. त्यांचीही पोटं पाण्यानं फुगली. आजार लागल्यावर दोन-तीन आठवड्यांत त्यांतली बहुतेक मेली.

डॉक्टरांनी तपास केला. मक्यावरच्या बुरशीत एक विष सापडलं. त्याचं नाव अफ्लाटॉक्सिन. हे विष काळीज म्हणजे यकृत सडवतं. चुलीवर शिजवून, तव्यावर भाजून ते नाहीसं होत नाही. म्हणून ‘भाजलं की शुद्ध झालं’ हे इथं खरं नाही.

ही गोष्ट आपल्यापासून लांबची वाटते का? मेळघाटात मका पिकतो. आपल्याकडे काढणीच्या वेळी पाऊस आला, की ज्वारी काळी पडते. शेंगदाणे ओलसर पोत्यात कुबट होतात. प्रत्येक बुरशीत हे विष असतं असं नाही. पण ज्यात आहे आणि ज्यात नाही, ते डोळ्यांनी ओळखता येत नाही.

म्हणून दाणे उन्हात खडखडीत वाळवा. दाताखाली कडक वाजले पाहिजेत. पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. भिंतीला टेकवू नका. बुरशी आलेले दाणे निवडून जमिनीत पुरा. ते कुत्र्याला, कोंबड्यांना, बैलाला घालू नका. आणि कुत्र्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, तर नुसतं कुत्र्याकडे पाहू नका. आपलं पोतंही उघडून पाहा. ज्या पोत्यातलं त्यानं खाल्लं, त्याच पोत्यातलं आपण खातो.

७. गोठ्यातलं आणि शेतातलं

सरकी. आपल्याकडे कापूस, म्हणून सरकी आली, सरकीची ढेप आली. गाई-बैलांना ती घालतात. सरकीत एक विषारी द्रव्य असतं. मोठ्या जनावराच्या चार कप्प्यांच्या पोटात त्याचा जोर कमी होतो. कुत्र्याच्या पोटात होत नाही. रोज ढेप चाटून कुत्र्याचं काळीज कमजोर होतं. कुत्र्याला गव्हाणीत तोंड घालू देऊ नका.

एरंडीची ढेप. ही खत म्हणून झाडांना घालतात. कुत्र्याला तिचा वास आवडतो. ते माती उकरून ती खातं. एरंडीच्या बीमध्ये फार जहाल विष असतं. ढेप घातली की वरून माती चांगली दाबा आणि दोन-चार दिवस कुत्रं बांधून ठेवा.

औषध लावलेलं बियाणं. पेरून उरलेलं बियाणं उघडं टाकू नका. फवारणीच्या औषधाचे डबे अन्नाला, पाण्याला वापरू नका. रिकाम्या डब्यात कुत्र्याला पाणी ठेवणं म्हणजे त्याला विष पाजणं.

उंदराचं विष. खळ्यावर, घरात उंदीर झाले, की पिठात तेल आणि काळं औषध कालवून गोळ्या ठेवतात. त्या औषधाचं नाव झिंक फॉस्फाइड. उंदराला पीठ आवडतं, तसं कुत्र्यालाही आवडतं. गोळी पोटात गेली, की तिच्यातून विषारी वायू निघतो. या विषावर उतारा नाही. म्हणून गोळ्या उंदराच्या बिळातच घाला आणि बिळाचं तोंड बुजवा. उघड्यावर ठेवू नका. उरलेल्या गोळ्या आणि मेलेले उंदीर सकाळी गोळा करून खोल पुरा. हात धुवा. लक्षात ठेवा, कुत्र्याला जी गोळी दिसते, ती रांगणाऱ्या लेकरालाही दिसते.

८. बकऱ्याचं आतडं आणि आपलं लेकरू

गावात बकरा कापला, की आतडी, फुप्फुस, काळजाचा खराब भाग कुत्र्यांपुढे फेकतात. कुत्री भांडून खातात. आपण म्हणतो, मुक्या जिवाचं पोट भरलं.

इथं धोका कुत्र्याला कमी आणि माणसाला जास्त आहे. तो असा. काही बकऱ्यांच्या काळजात किंवा फुप्फुसात पाण्यानं भरलेले फुगे असतात. त्या फुग्यात एका जंताची पिल्लं असतात. कुत्र्यानं तो फुगा कच्चा खाल्ला, की जंत त्याच्या आतड्यात वाढतात. दीड-दोन महिन्यांत ते अंडी घालू लागतात. अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून अंगणात पडतात, केसांना चिकटतात. लेकरू कुत्र्याशी खेळतं आणि तोच हात तोंडात घालतं. मग तसाच फुगा लेकराच्या काळजात वाढू लागतो. तो वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. दुखू लागतो तेव्हा तो मोठा झालेला असतो.

एक बाई म्हणतील, ‘मंग कुत्रं घरात ठेवावंच नाई का?’

ठेवा की! फक्त तीन गोष्टी करा. कच्ची आतडी-फुप्फुसं कुत्र्याला देऊ नका, पुरून टाका. द्यायचीच असली तर अर्धा तास तरी चांगली उकळा. कुत्र्याला डॉक्टरांना विचारून ठरल्या वेळी जंताचं औषध द्या. आणि लेकरांना जेवणाआधी हात धुवायला लावा.

९. विष पोटात गेलं तर

खुणा ओळखा. कुत्रं सारखं ओकतं. तोंडाला फेस येतो. पाय थरथरतात, झटके येतात. चालताना झोकांड्या जातात. हिरड्या पांढऱ्या पडतात. लघवी लाल होते किंवा बंद होते.

काय करू नये ते आधी वाचा. मिठाचं पाणी पाजू नका. त्या मिठानंच कुत्रं मरू शकतं. दूध, तूप, ताक पाजू नका. उंदराच्या विषावर पोटात अन्न गेलं, तर वायू आणखी निघतो. झटके येत असताना तोंडात काहीच घालू नका. तोंडात हात घालू नका, चावा बसेल.

काय करावं? वेळ घालवू नका. १९६२ या क्रमांकावर फोन करा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी तो आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. नाहीतर जवळच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात न्या. अकोल्याला जनावरांच्या डॉक्टरांच्या वरच्या शिक्षणाची मोठी संस्थाही आहे. जाताना विषाची पुडी किंवा डबा सोबत घ्या. त्यावरचं नाव डॉक्टरांना दाखवा. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता खाल्लं, हे सांगा. उंदराचं विष खाल्लेलं कुत्रं गाडीतून नेताना खिडक्या उघड्या ठेवा. ते ओकलं तर त्याच्या वाफेचा माणसालाही त्रास होतो.

आता तुम्हाला वाचता येतं. डब्यावरचं नाव तुम्हीच वाचा. दुकानदाराला किंवा शेजाऱ्याला विचारायची गरज नाही. पुडीवर ‘विष’ हा शब्द लाल खुणेशेजारी लिहिलेला असतो. तो घरातल्या सगळ्यांना ओळखायला शिकवा.

१०. लक्षात ठेवा

कुत्र्याचा वाटा फोडणीच्या आधी काढा.

भाकर-वरण द्या. कांदा-लसूण देऊ नका.

मनुका, चहा, चॉकलेट, दारू नको.

शिजलेलं हाड पुरा, कच्चं आतडं पुरा, बुरशीचा दाणा पुरा.

विषाची गोळी बिळात, बिळाचं तोंड बंद.

पाण्याचं भांडं भरलेलं.

पाटीवर लिहा

१. धड्यातले दोन नियम कोणते?

२. तुमच्या घरी काल काय रांधलं होतं? त्यांतलं कुत्र्याला काय चाललं असतं आणि काय नाही? दोन रकाने पाडून लिहा.

३. एक कुत्रं १० किलोचं आहे. दर किलोमागे १५ ग्रॅम कांद्यानं त्याला त्रास होतो. तर किती ग्रॅम कांदा त्याला धोक्याचा?

४. १९७४ साली बांसवाडा-पंचमहालात माणसं आणि कुत्री एकाच आजारानं का मेली?

५. सरकीची ढेप बैलाला चालते, कुत्र्याला का चालत नाही?

६. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा फोन क्रमांक मोठ्या अक्षरात लिहा आणि तो कागद घरात भिंतीवर लावा.